बर्फाची खिडकी

आमच्या घरात फारसी बोलतात, असं मी शाळेत ज्याला त्याला सांगत असे. खरं तर घरात फारसीचे सात-आठ शब्दच होते. शाळेला उशीर व्हायला लागला की बाबा ओरडायचे, "जूद बाश!", म्हणजे लवकर आटपा. जेवायला बोलवायचं तर "बिया, बिया." मस्ती फार झाली की "बोरो!", चालते व्हा. शेजारीपाजारी कुणाकडे असलं काही नव्हतं, त्यामुळे आमचा रुबाब वेगळाच होता.

बाबा तरुणपणी इराणमध्ये होते, आबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात. कंपनी इंग्रजांची. पुढे इराण्यांनी ते तेल स्वतःच्या ताब्यात घेतलं, साहेब गेले आणि साहेबांमागोमाग बाबांसारखे हिंदुस्थानी बाबूही बोटीत बसून मुंबईला परतले. त्यानंतर बाबांनी आयुष्यभर एका खासगी कचेरीत मान खाली घालून नोकरी केली. पण आबादानचा विषय निघाला की त्यांची मान वर व्हायची. त्यातही बर्फाची गोष्ट ठरलेली. "तिथे उन्हाळ्यात दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसायचा. पण कंपनी रोज सकाळी आमच्या दाराशी बर्फाची लादी पोचवायची. ओल्या गोणपाटात गुंडाळून!" यावर आई हमखास म्हणायची, "म्हणून तर इथे फ्रिज घेताना तुमचा हात आखडतो." बाबांना पाणी बर्फ घातलेलंच लागायचं, भर थंडीतसुद्धा.

आई गेली तेव्हा मी मेलबर्नला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होते. बाबांना इकडे घेऊन आले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. डँडेनॉन्गजवळच्या आमच्या घरात ते दिवसभर एकटे असायचे. बस पकडून कुठे जावं तर हिंमत होत नव्हती. नातवाशी बोलायला गेले की तो टीव्हीवरची नजर न हलवता म्हणायचा, "नॉट नाऊ, आजोबा." हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. जेवताना काही विचारलं तर "बरंय" एवढंच. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. कुणीतरी एकदा तरी या माणसाचं नीट ऐकून घ्यावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक इराणी मुलगी काम करायची. मुलगी कसली, माझ्याच वयाची, दोन पोरांची आई. आमची घट्ट मैत्री होती. एकदा डबा खाताना ती म्हणाली की त्यांचा इराणी गट तेलाच्या राष्ट्रीयीकरणाचा दिवस साजरा करणार आहे. भाषणं, गाणी, मुलांचे नाच. तो दिवस नेमका त्यांच्या वर्षाचा शेवटचा दिवस, म्हणजे दुसऱ्या दिवशी नवं वर्ष. "पण सगळं पुस्तकातलं बोलणार," ती वैतागून म्हणाली. "ते दिवस डोळ्यांनी बघितलेलं कुणी मिळत नाही. माझी आई आबादानचीच आहे, पण ती स्टेजवर जायला तयार नाही."

मी घास तसाच टाकला. "माय फादर वॉज देअर!"

तिने खुर्चीतून उठून मला मिठीच मारली.

झालं, माझ्या अंगात आमचं महाराष्ट्र मंडळ संचारलं. प्रमुख पाहुणे म्हटले की त्यांची ओळख कोण करून देणार, खुर्ची कुठे ठेवणार, सत्कार कधी, हे ठरवल्याशिवाय आपल्या माणसाला चैन पडत नाही. तिला बिचारीला सत्कार म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. मी समजावलं, की आमच्यात पाहुण्याच्या खांद्यावर शाल घालतात आणि ती वडीलधाऱ्या माणसाने घालायची असते, तेव्हा तुझ्या आईलाच सांग. शालही मीच नेऊन दिली, नागपूरहून आलेली, कोरी. स्वतःच्या बापाच्या सत्काराची शाल स्वतःच पुरवण्यात काही विचित्र आहे असं मला वाटलंसुद्धा नाही.

बाबा एकदम दहा वर्षांनी तरुण झाले. कोट धुऊन आणला. भाषण लिहिलं, पण मला दाखवेनात. "सरप्राइज आहे," म्हणाले. "त्यांच्या भाषेत बोलणार आहे मी. बघच तू."

फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, मैदानामागच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. दाराशी एका टेबलावर नव्या वर्षाची मांडामांड केलेली: हिरवे गव्हाचे कोंब, रंगवलेली अंडी, काचेच्या भांड्यात लाल मासे. शेजारी, ज्याने तेल देशाचं केलं त्या म्हाताऱ्या पंतप्रधानाचा फोटो. पुढच्याच आठवड्यात आपला पाडवा होता, त्यामुळे मला तिथे घरच्यासारखं वाटलं. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. मैत्रिणीची आई तिसऱ्या रांगेत होती. साठीच्या आसपासची, शाळेतून निवृत्त झालेली, पांढरे केस नीट बांधलेले. तिने छातीवर हात ठेवून बाबांना नमस्कार केला.

पहिलं भाषण युनिव्हर्सिटीतल्या एका प्राध्यापकाचं झालं, इथल्या मुलांना कळावं म्हणून इंग्रजीत. कंपनीच्या काळात आबादान कसं होतं ते त्याने सांगितलं. वर इंग्रज, त्यांचे बंगले आणि हिरवळी. मध्ये हिंदुस्थानी बाबू, त्यांना पंख्याची क्वार्टर्स. आणि तळाला इराणी मजूर, ज्यांच्या जमिनीतून ते तेल निघत होतं, ते पत्र्याचे डबे ठोकून केलेल्या झोपड्यांत. मी चोरून बाबांकडे पाहिलं. ते मान डोलावत होते. अगदी बरोबर, अगदी बरोबर, असं. यातलं मधलं माणूस म्हणजे आपण, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तेवढ्यात डफ वाजायला लागला आणि लहान मुली नाचायला आल्या, आणि मीही सगळ्यांबरोबर टाळ्यांचा ठेका धरला.

मग बाबांचं नाव पुकारलं.

सुरुवात त्यांनी छान केली. "आय वॉज देअर," एवढंच म्हणून थांबले आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. कंपनीचा झेंडा उतरला त्या दिवशीचं सांगितलं. रस्त्यात अनोळखी माणसं एकमेकांचे मुके घेत होती, म्हातारे रडत होते, आणि ते सगळं बाबा कचेरीच्या गच्चीवरून बघत होते. हॉलमध्ये कुणी हलेना. मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला. मी अशी फुलून गेले होते की विचारू नका. त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं.

"अँड नाऊ, इन युअर लँग्वेज," बाबा म्हणाले. त्यांनी पाठ ताठ केली, एक हात वर केला आणि आवाज बदलला.

"बिया! तू सफ! बोरो अघब! जूद बाश, जूद बाश!"

ये. रांगेत. मागे हो. लवकर, लवकर.

आधी लोक हसले. आजोबा गंमत करताहेत असं त्यांना वाटलं असावं. हशा मिळाल्यावर बाबांना चेव आला. "यख नीस्त! फर्दा बिया!" आणि मग मोठ्या अभिमानाने त्यांनीच अर्थ सांगितला. "नो आइस. कम टुमॉरो. आय वॉज ॲट द आइस विंडो, यू सी. होल डे आय वॉज स्पीकिंग फारसी."

हसू थांबलं. बाबा हसऱ्या चेहऱ्याने टाळ्यांची वाट बघत उभे. आणि मी खुर्चीत बसल्या जागी गार पडले. बाबांच्या दाराशी रोज पोचणारी लादी आणि ती खिडकी यांचा संबंध मला आजवर कधी सुचला नव्हता. घरातली सगळी फारसी मी मनात पुन्हा उच्चारून पाहिली. तिच्यात एकसुद्धा शब्द असा नव्हता, जो माणूस आपल्या बरोबरीच्या माणसाशी बोलतो. मी ती भाषा लाडाने माझ्या मुलाला शिकवली होती.

मैत्रिणीचा हात माझ्या हातातून केव्हा सुटला कळलं नाही.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून तिची आई उठली. आपण बोलावलेला पाहुणा तोंडघशी पडलाय, त्याला सावरून घ्यायला हवं, एवढंच तिच्या मनात होतं, हे मी शपथेवर सांगेन. हसत हसत, बाबांना साहेब अशी हाक मारून ती म्हणाली, "आघा, आय आल्सो नो युअर लँग्वेज." आणि शाळकरी मुलीने पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं स्वच्छ हिंदीत म्हणाली,

"लाइन में. पीछे हटो. बरफ खतम. कल आना."

मग सगळ्यांकडे वळून तिने सांगितलं, की लहानपणी आई तिला बादली देऊन खिडकीवर पाठवायची. मोठ्यांना नाही तरी पोरांना कधीतरी तुकडा मिळतो म्हणून. "सम डेज, दे गेव्ह," ती म्हणाली आणि तिनेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनी वाजवल्या. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे पुढे होता मी ठरवलेला सत्कार. मैत्रीण कोऱ्या चेहऱ्याने शाल घेऊन आली, तिने ती आईच्या हातात दिली आणि त्या बाईने, बादली घेऊन रांगेत उभं राहिलेल्या बाईने, माझ्या बाबांच्या खांद्यावर शाल घातली. वर सुरकुती सारखी केली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी समजलं.

आम्ही गाडीने घरी निघालो. घर जवळ आल्यावर बाबा म्हणाले, "खिडकी फार लहान होती गं. समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही. हातच दिसायचे नुसते."

"लहान मुलाचा हात तर ओळखू येतो ना, बाबा?" मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे. बाबांनी शाल मांडीवर घडी करून ठेवली आणि बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाण्यात बर्फ घेणं बंद केलं. मुलगा शाळेला निघताना रेंगाळायला लागला की माझ्या तोंडाशी 'जूद बाश' यायचं आणि मी ते गिळायचे.

लॅबमध्ये मैत्रीण नेहमीसारखीच वागत होती, फक्त डबा वेगळ्या वेळी खायला लागली होती. शेवटी मीच गाठलं तिला. बाबांच्या मनात तसं काही नव्हतं गं, म्हणाले. तिने नळ्यांवरची नजर उचलली नाही. "आय नो. ही वॉज ओन्ली डुइंग हिज जॉब." मग म्हणाली, "नव्या वर्षाच्या तेराव्या दिवशी आम्ही सगळे बाहेर बागेत जेवायला जातो. आई म्हणतेय, त्यांना घेऊन ये."

यातलं वाईट काय आणि चांगलं काय, मला ठरवता येईना. बाबा नाहीच म्हणणार असं धरून मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊया."

त्या दिवशी वाटेत त्यांनी सर्व्होवर, म्हणजे पेट्रोल पंपावर, गाडी थांबवायला लावली. मला वाटलं बाथरूमला जायचं असेल. ते बाहेर आले ते दोन्ही हातांत बर्फाच्या दोन मोठ्या पिशव्या घेऊन. डिकीत ठेवते म्हटलं तर देईनात. पिशव्या मांडीवर घेऊन बसले. पँट भिजत होती.

"बाबा, त्यांच्याकडे असेल हो बर्फ."

"असू दे."

असणारच होता. झाडाखाली सतरंज्या पसरलेल्या, आणि कडेला ओळीने एस्क्या, म्हणजे सहलीच्या थंड पेट्या, सगळ्या काठोकाठ बर्फाने भरलेल्या, त्यात सरबताच्या बाटल्या खुपसलेल्या. बाबा सरळ मैत्रिणीच्या आईसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी पिशव्या धरलेले हात पुढे केले. काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण इंग्रजी त्या क्षणी आठवेना आणि तिच्या भाषेतले जे शब्द येत होते त्यातला एकही तिथे म्हणण्यासारखा नव्हता. ते तसेच उभे राहिले. हात गारठून लाल झाले होते.

आजूबाजूच्या बायका बघत होत्या. कुणीतरी चांगुलपणाने म्हणालं, "नो नीड, वी हॅव्ह प्लेंटी."

मैत्रिणीच्या आईने आधी त्या हातांकडे पाहिलं, मग बाबांकडे. ती खाली वाकली, आपली एस्की तिने आडवी केली आणि तिच्यातला सगळा बर्फ गवतावर ओतून टाकला. मग बाबांच्या हातातून पिशव्या घेतल्या, फोडल्या आणि रिकाम्या एस्कीत उपड्या केल्या. त्यातलाच एक खडा सरबतात टाकून तिने पेला बाबांना दिला.

बाबा तो पेला दोन्ही हातांनी धरून सतरंजीच्या कडेला बसले. प्यायला मात्र त्यांना फार वेळ लागला. मैत्रीण माझ्या शेजारी येऊन बसली. तिने माझ्यासाठी ताट वाढून आणलं होतं. तिच्या आईने ओतलेला तो चांगला, स्वच्छ बर्फ समोर गवतात विरघळत होता, आणि मान वर करून त्या बाईकडे बघणं मला शेवटपर्यंत जमलं नाही.