फरशी कोरडी कर

ओलं फडकं त्याने माझ्या पायाशी फेकलं. रक्ताचे शिंतोडे माझ्या लुगड्याच्या काठावर उडाले. "डॉक्टर मी आहे की तू?" तो ओरडला. "सवलतीनं आत आलात, आता निदानही तुम्हीच करा!"

लेबर रूममध्ये चार खाटा होत्या, चारही भरलेल्या. सिस्टर औषधाच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. मी वाकले आणि फडकं उचललं.

मी तिथे आया होते. बाप दीक्षाभूमीवर मला खांद्यावर घेऊन गेला होता, त्याला माझ्या सातवी पास होण्याचा कोण अभिमान! त्या सातवीवर नागपूरच्या या मोठ्या दवाखान्यात बादली मिळाली. रक्त, पाणी, बाळामागची वार, सगळं उचलायचं आणि फरशी पुसायची. रोज दहाच्या सुमारास मोठ्या मॅडमचा राऊंड असे. मॅडमना फरशीवर थेंब दिसलेला खपत नसे. त्यामुळे साडेनऊनंतर सगळ्या वॉर्डाचं एकच काम, फरशी कोरडी करणं. पेशंट नंतर.

त्या दिवशी दुसऱ्या खाटेवर सुमन होती. रामटेककडची, वीस-एकवीस वर्षांची, पहिलटकरीण. महिनाभर पोटात मूल हललं नव्हतं. सासरचे म्हणत, निजलं असेल पोर. पहाटे मेलेलं मूल बाहेर आलं. वारही पडली. रक्त मात्र थांबेना.

सहा वर्षं मी रक्त धूत होते. बायांचं रक्त ट्रेमध्ये थोडा वेळ राहिलं की दह्यासारखं धरतं. गोळे हाताने काढावे लागतात, कडेला चिकटलेलं खरवडावं लागतं. हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, माझ्या नखांना माहीत होतं. सुमनच्या खाटेखालचा ट्रे अर्धा तास तसाच होता आणि मी तिरपा केला तर रक्त पाण्यासारखं हललं. एक गोळा नाही. दंडावर सुई टोचलेल्या जागेचा कापूसही भिजून लाल झाला होता.

"ताई, मले ओलं लागून राहिलं वं," ती म्हणाली.

मी छोट्या डॉक्टरकडे गेले. तो नुकताच पास होऊन आलेला, माझ्याहून एखाद वर्षाने मोठा असेल. "साहेब, रक्त गोठून नाही राहिलं जी. पाण्यावानी आहे." त्याने घड्याळ पाहिलं. थोड्या वेळाने मी पुन्हा गेले. तेव्हा ते फडकं आलं.

मी धुतलं. हे मला लपवायचं नाही. ट्रे मोरीत ओतला, चादर बदलली, फिनाईल टाकून फरशी लख्ख केली. मॅडम आल्या, कोरडी फरशी पाहिली, सुमनच्या खाटेच्या पायथ्याचा कागद पाहिला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

अकराच्या पुढे सुमनचे ओठ पांढरे पडले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. मग धावपळ. मॅडमनी काचेच्या नळीत तिचं रक्त घेतलं आणि माझ्या हातात दिलं. "मुठीत गच्च धर. ऊब लागू दे." सगळ्यांचे हात कामात होते ना, म्हणून माझा! मी मूठ धरून भिंतीशी उभी राहिले. दहा मिनिटांनी मॅडमनी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखंच होतं.

"मूल पोटात मरून राहिलं की आईच्या रक्ताची गोठायची ताकद संपते," त्या शिकाऊ पोरांना सांगत होत्या. मग विचारलं, "सकाळपासून किती गेलं?"

"थोडंच, मॅडम," छोटा डॉक्टर म्हणाला.

मी मागेच उभी होते. बोलायला हवं होतं. तोंडच उघडलं नाही. ताज्या रक्ताची बाटली जिन्यावर होती तेव्हा सुमन गेली.

तिचा नवरा बाहेर पायरीवर बसला होता. सगळ्यांनी त्याला सांगितलं, नशीब. मला राहवलं नाही. मी त्याच्याजवळ बसून सगळं सांगितलं, ट्रे, गोठणं, राऊंड. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं.

"मंग तुमी काहून धुतलं जी?"

साहेबाने सांगितलं म्हणून? नोकरी जाईल म्हणून? त्याच्या समोर दोन्ही कारणं तोंडातच राहिली. माझी मलाच किळस आली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. हेडक्लार्कने कागद पुढे केला, वर शाईचा डबा ठेवला. "अंगठा लाव."

मी कागद मोठ्याने वाचला. "आयाने रक्तस्राव कोणास न दाखवता परस्पर धुऊन टाकला." क्लार्कने मान वर केली. मला वाचता येतं हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "सही कर. नोकरीला धक्का लागणार नाही. समज देऊन सोडू."

खूप मायेने म्हणाल्या. त्या मायेनेच माझं डोकं फिरलं. मी क्लार्कच्या हातून पेन घेतलं आणि त्याच कागदाखाली लिहिलं: रक्त गोठत नाही हे मी साहेबांना दोनदा सांगितलं. राऊंडसाठी त्यांनी धुवायला लावलं. मी धुतलं, ही माझी चूक. खाली पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

त्या कागदाचं काय झालं मला कळलं नाही. छोटा डॉक्टर पुढे मोठा झाला. मला धुलाईखान्यात टाकलं, वर्षभर मी चादरी उकळल्या. मग आया कमी पडल्या तेव्हा परत आणलं.

आजही राऊंडच्या आधी कोणीतरी ओरडतं, फरशी कोरडी कर. मी बादली खाली ठेवते. ट्रे उचलून डॉक्टरच्या टेबलावर ठेवते, त्याच्या कागदांच्या शेजारी. "पाहा. किती गेलं, गोठलं की नाही, लिहा. मग पुसते." शिव्या खाते, मेमो घेते. पुन्हा धुलाईखान्यात टाकायचं तर टाका. कोणी न पाहिलेलं बाईचं रक्त मी या हातांनी धुणार नाही.