कानाची खाच

माझ्या उजव्या कानाच्या पाळीला जन्मापासून खाच आहे. मी पोटात असताना आईने ग्रहणात विळीवर भेंडी चिरली, म्हणून ती पडली, असं आई मानते. चामटोलीला मला न्हाऊ घालताना ती खाचेवर बोट ठेवून माझी माफी मागायची. आता कात्रपच्या फ्लॅटमध्ये, माझे केस पिकायला लागले तरी मागते.

लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी मला तपासलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. शुक्राणू वाहून आणणाऱ्या दोन्ही नळ्या मी आईच्या पोटात असतानाच तयार झाल्या नव्हत्या. बायकोत काही दोष नव्हता.

आईच्या पोटात असतानाच! हे आईला कोणत्या तोंडाने सांगू? एका खाचेपायी जन्मभर रडणारी बाई हे ऐकून जेवणं सोडेल. बायकोच म्हणाली, "नको सांगूस." तेव्हापासून आईची चूर्णं आणि टोमणे ती मुकाट गिळते, आणि मी भेकडासारखा मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतो.

मागच्या ग्रहणाला शेजारची गरोदर सून आमच्याकडे गप्पा मारत भाजी चिरायला बसली. आईने झटकन तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि माझ्या बायकोपुढे सरकवली.

"तू चीर. तुला काय होणार आहे?"

बायकोने एकदा माझ्या कानाकडे पाहिलं आणि भेंडी चिरायला घेतली.