साहेबाचा टब

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळी मी जानेफळकडच्या आमच्याच गावात, महारपुऱ्यातल्या शाळेत मास्तर होतो. सातवी पास झालेला घराण्यातला पहिलाच माणूस. त्यामुळे घराण्याचा इतिहास लिहिणं माझ्याच माथी आहे, असं मला वाटे. इतिहास तसा एका वाक्याचा होता. माझ्या आजानं गोऱ्या साहेबाचा आंघोळीचा टब मेहकरपासून डोक्यावर वाहून आणला. घरात हे अभिमानानं सांगत. आजा वेठीला गेला होता, हे सांगायची पद्धत नव्हती. त्याचा एक डोळा गेलेला होता. बा म्हणे, बैलानं शिंग मारलं.

मी यावर नाटक लिहिलं. त्यात साहेब खूश होऊन आजाची पाठ थोपटतो. पहिल्या तालमीत ती जागा आली तसा कोपऱ्यात बसलेला बा उठला.

"थांब. पाठ कोणं थोपटली?"

"साहेबानं."

"तू पाह्यलं?"

बा सावकाश म्हणाला, "बैल नव्हता. उताराले पाय घसरला, टब पडला, टबाले पोचा आला. पाटलानं साहेबासमोर चाबकानं मारलं. मी मांगं साहेबाच्या पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. सोळा वर्सांचा. तांब्या हातातून सोडला नाही मी."

तालीम तिथंच संपली. त्या आठवड्यात मी नाटक नव्यानं लिहिलं. पण पाटलाचं काम करायला पुऱ्यात कुणी तयार होईना. बाला मी आजाचं काम दिलं होतं. तो म्हणाला, "आजा तू हो. मार खाणारा कोणीबी होईन. मारणाऱ्याचं तोंड मीच पाह्यलं हाये."

परवानगीला आम्ही आताच्या पाटलाकडं, म्हणजे त्या पाटलाच्या नातवाकडं गेलो. तो ओट्यावर, आम्ही अंगणात. आपल्या आजोबांवर नाटक होतंय एवढंच त्यानं ऐकलं आणि हुरळून गेला.

"रुबाबदार दाखवा म्हणजे झालं," तो म्हणाला. "अन् दिवसा करा. रात्रीच्या जमावानं लोकायच्या डोक्यात भलतंच शिरते."

टब त्याच्या गोठ्यात होता. साहेब जाताना टाकून गेला होता. तोही त्यानं दिला, पण परत येईल तेव्हा गोमूत्र शिंपडावं लागेल असं बजावून. आजानं तो कोसभर नाही, चांगला दिवसभर डोक्यावर वागवला, तेव्हा बाटला नव्हता. तेव्हा तो साहेबाचा होता.

खेळ दुपारी, चिंचेखाली झाला. पाटील खुर्चीत, गाव त्याच्यामागं, आमची माणसं लांब उन्हात. मी टब घेऊन पडलो. बानं पागोटं सारखं केलं, चाबूक उचलला, आणि हात तसाच वर राहिला. मी खालून हळूच म्हणालो, "मार ना, बा." त्याचं तोंड वाकडं झालं. चाबूक खाली पडला आणि तो पागोट्यासकट माझ्याजवळ बसून लहान लेकरासारखा रडायला लागला.

माझी माय पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटलं, आता पाटील उठणार आणि आमचं घर उठवणार.

पाटील उठला खरा. डोळे पुसत गावाकडं वळून म्हणाला, "पाह्यलं? आमच्या घराण्याचं काळीज असं हाये. महाराले मारतानीबी आमच्या आजोबाले रडू आलं!"

गावानं टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर बा उंबऱ्यात बसला आणि एकदम हसायला लागला. इतका की मायनं पाणी आणून दिलं. "रडलो मी," तो म्हणाला, "अन् पुण्य त्याच्या आजाले!"

पुढं आसपासच्या गावांतून बोलावणी आली. प्रत्येक पाटलाची अट एकच: नाटकातला पाटील शेजारच्या गावचा दाखवा. आम्ही कबूल करायचो. दुसऱ्या खेळापासून बाचा हात खाली आला. इतका मनापासून, की माझ्या पाठीवर दोनदा वळ उठले. त्या वळांना हळद लावता लावता तो मला त्या दिवसाचं एकेक सांगायचा: आजा घरी कसा आला, आजी काय म्हणाली, कुणी तोंड फिरवलं. चाळीस वर्षं जो माणूस जेवतानाही बोलला नव्हता, तो आता थांबेना. मी लिहून घ्यायचो. नाटक लांबत गेलं.

शेवटी मायच वैतागली. "आता निजू द्या त्याले," ती बाला म्हणायची, "उद्या पुन्हा मारायचं हाये ना तुमाले?"