नशिराबादहून टाकलेलं पत्र

गाण्यात बी.ए. करते असं सांगितलं की जळगावात त्या काळी माणसं आधी माझ्याकडे आणि मग माझ्या वडिलांकडे बघायची. नुसतं शास्त्रीय असतं तर चाललं असतं, तंबोरा दिसला की लोक आपोआप हात जोडतात. पण आम्हाला शेवटच्या वर्षी सुगम संगीताचा पेपर होता. दिलेल्या कवितेला स्वतः चाल लावायची आणि गाऊन दाखवायची. "म्हणजे रेडिओवर लागतात तसली गाणी? आणि त्याची डिग्री देतात?" असं शेजारच्या अक्का दर आठवड्याला नव्याने विचारायच्या. नाना, म्हणजे माझे वडील, एकदा काहीतरी निमित्त काढून कॉलेजात आले आणि आमच्या वर्गाच्या खिडकीबाहेर वीस मिनिटं उभे राहिले. सात मुली आणि एक पन्नाशीचे सर एका कवितेच्या दुसऱ्या ओळीवरून भांडताहेत, एवढंच त्यांना दिसलं. घरी येऊन म्हणाले, "भांडायला डिग्री कशाला लागते? तुझी आई बिनडिग्रीचीच आहे."

मी त्यांचीच मुलगी. संशय आमच्या घरात मिठासारखा प्रत्येक भांड्यात असायचा. दुधात पाणी आहे की नाही हे मी दूध चाखून नाही, दूधवाल्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचे. वर्गात कुणाला माझ्यापेक्षा अर्धा मार्क जास्त मिळाला की तो कुठून आला याचा माग काढल्याशिवाय मला जेवण जात नसे.

आमच्यातली एक मुलगी पिंपळनेरकडच्या एका खेड्यातून आलेली होती. वसतिगृहात राहायची. घरची कोरडवाहू शेती. तिच्या गावातून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी, आणि डिग्री मिळवून शाळेत गाण्याची बाई व्हायचं हे तिने मनाशी पक्कं केलेलं होतं. तसं ती कुणालाही न विचारता सांगायची, अगदी एस.टी.च्या कंडक्टरलासुद्धा. आवाज तिचा रुंद होता, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. थिअरीत ती जेमतेम पास व्हायची. नोटेशन लिहिताना जीभ बाहेर काढायची. मी तिला माझ्या वह्या द्यायचे, आणि अशा मुलीपासून आपल्याला काही धोका नाही, असं मनात म्हणायचे.

चाल लावण्याच्या तासाला मात्र माझं म्हणणं चुकीचं ठरू लागलं. आम्ही बाकीच्या पेटी पुढे ओढून आधी राग शोधायचो, आणि बहुतेकींचा शोध यमनपाशीच संपायचा. ती पेटीला हातच लावायची नाही. कविता दोन-तीनदा मोठ्याने म्हणायची, मांडीवर थाप द्यायची, आणि गायला लागायची. सर डोळे मिटून ऐकायचे. "चाल शब्दातच असते, तुम्ही बाहेरून आणून चिकटवता," असं आम्हाला सांगायचे. मला ते झोंबायचं.

मग मला दिसू लागलं ते असं. ती दर रविवारी सरांच्या घरी जायची. दुपारी जायची आणि पाचच्या सुमाराला हातात वर्तमानपत्राची पुडी घेऊन बाहेर पडायची. आमचं घर त्याच गल्लीत होतं, आणि आमच्या गच्चीवर वाळवणाची राखण करणं हे माझं काम. त्यामुळे मी हे मुद्दाम पाहिलं असं कुणी म्हणू नये. त्याच सुमाराला सर वर्गात सहज बोलून गेले की परीक्षेच्या कवितेचा मोहोरबंद लिफाफा आलाय आणि तो त्यांनी घरच्या कपाटात ठेवलाय. मी एक आणि एक दोन केले.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक आले. आम्हा सातजणींना सात खोल्यांत बसवून प्रत्येकीपुढे तीच आठ ओळींची कविता ठेवली. वेळ एक तास. मी पहिल्या ओळीचा शेवट वर न्यावा की खाली आणावा या घोळात होते, तेवढ्यात समोरच्या खोलीचं दार उघडलं. ती बाहेर येऊन व्हरांड्यात बसली आणि ओढणीच्या टोकातले शेंगदाणे सोडून खाऊ लागली. घड्याळात दहा मिनिटं झाली होती. तिने गायलं तेव्हा परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि संपल्यावर म्हणाले, "पुन्हा म्हणा, बाळ." मला त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं नाही.

संध्याकाळी मी हसत हसत तिला विचारलं, "कविता आधी कुठे वाचली होतीस का गं?"

"नही व. आमना गावमा बठ्ठ्या बायासले येस हाई. निंदाले गऊत का दिनभर हाईच चालस."

निंदणी करता करता बाया गाणी जोडतात म्हणे! प्रश्न काय आणि उत्तर काय. माझी खात्रीच पटली. तीन वर्षं शिकून, पहाटे उठून पलटे घोकून जे मला तासात जमलं नाही, ते शेतातलं तण उपटताना येतं हे मी मानूच शकत नव्हते. खरं सांगायचं तर मानायची तयारीच नव्हती.

दोन दिवसांनी मी आंतर्देशीय पत्र घेतलं आणि वर तिचं नाव घालून डाव्या हाताने प्राचार्यांना लिहिलं. 'सदर विद्यार्थिनी दर रविवारी संबंधित शिक्षकांच्या घरी जाते. प्रश्नपत्रिकेचा लिफाफा त्याच घरी होता. तिने तासाचं काम दहा मिनिटांत केलं. योग्य ती चौकशी व्हावी.' खाली 'एक हितचिंतक'. जळगावचा शिक्का नको म्हणून मावशीला भेटायच्या नावाखाली नशिराबादला गेले आणि तिथल्या पेटीत ते टाकलं. परतताना एस.टी.त मी स्वतःवर खूश होते. पत्रातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, याचा मला फार अभिमान वाटत होता.

निकाल लागला तेव्हा माझा नंबर पहिला होता. तिच्या नावापुढे 'राखून ठेवला' असं होतं. सुट्टी लागून ती गावी गेली होती. सरांना दोनदा बोलावून विचारपूस झाली. शेवटी ठरलं की तिने येऊन तीन परीक्षकांसमोर नव्या कवितेला चाल लावून दाखवावी, म्हणजे प्रश्न मिटला. तसं पत्र तिच्या गावी गेलं.

त्या दिवशी मी काहीतरी दाखला न्यायचं निमित्त करून कॉलेजात गेले. नानांची मुलगी ना. तिन्ही परीक्षक खुर्च्यांवर, मध्ये पेटी, आणि सर व्हरांड्यात उभे. दर गाडीच्या वेळेला ते फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. सरांच्या बाई डबा घेऊन आल्या होत्या. माझ्याशेजारी बसून आपणहून म्हणाल्या, "माझं माहेर साक्रीकडचं, तिच्याच भागातलं. रविवारी ती आली की आम्ही दोघी बिबडे लाटायचो नाहीतर भाजी निवडायचो, आणि घटकाभर आमच्या भाषेत बोलायचो. या गल्लीत माझ्याशी तसं बोलणारं आहे कोण? जाताना पुडीत थोडं खायला बांधून द्यायचे. त्याचं हे झालं बघ."

क्षणभर मला ते पटलं, पण मी ते टिकू दिलं नाही. बायको नवऱ्याचीच बाजू घेणार, मी मनात म्हटलं. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, ते उन्हाळ्यात होतात आणि ही तर दिवाळीपासून येत होती. भाजीचं मी मुद्दाम विसरले. चार वाजता परीक्षक उठले. ती आली नाही. चोराच्या मनात चांदणं, नाहीतर आली नसती का? असं म्हणत मी घरी आले आणि पोटभर जेवले.

पुढे मला धुळ्याला शाळेत गाण्याच्या बाईची नोकरी लागली. सहा-सात वर्षांनी आमच्या शाळेतल्या शिपाईबाईंच्या मुलीचं लग्न निघालं, पिंपळनेरच्या पलीकडच्या गावात. त्यांनी फार आग्रह केला म्हणून हळदीलाच गेले. मांडवात बायका दाटीने बसल्या होत्या. मधली एक जण आलेल्या प्रत्येकाला बघून त्याच्यावर ओळ जोडत होती आणि बाकीच्या ती उचलत होत्या. नवरदेवाच्या मामाने टोपी सारखी केली तर टोपी गाण्यात आली. एका पाहुणीने चहा परत केला तर चहा आला. कप खाली ठेवायला लागतो तेवढ्याच वेळात ओळ तयार, आणि दर खेपेला चालीला नवं वळण. आवाज रुंद होता. मी तिला बघण्याआधीच ओळखलं.

दहा मिनिटंसुद्धा लागत नव्हती. तिला दोन मिनिटंही लागत नव्हती.

शेजारच्या म्हातारीला मी विचारलं, ही कोण? "मना दीरनी सून. पोर लई हुशार. शिकाले व्हती जळगावले. मंग कॉलेजमाईन कागद उना. त्यामा लिखेल व्हतं, पोर दर रविवारे मास्तरना घर जास. तिना बाप बोलना, बस झायं शिकनं."

माझं वाक्य. चौकशीचं कारण म्हणून कॉलेजने ते त्या कागदात उतरवलेलं. मी ते लिफाफ्याबद्दल लिहिलं होतं. तिच्या वडिलांनी ते मुलीबद्दल वाचलं. बापाने ते दुसऱ्या कशाबद्दल वाचावं? मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण दोन्ही बाजूंनी बायका दाटीने बसल्या होत्या. लाज म्हणतात ती मला त्या दिवशी कळली.

आता माझी पाळी येणार हे दिसत होतं. ओळ माझ्या शेजारणीपर्यंत आली. ती मला काय म्हणेल? भर मांडवात सांगेल का? की तिला माहीतच नसेल? माझा संशय तेव्हाही थांबायला तयार नव्हता. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, ओळखीचं हसली, आणि मला ओलांडून पलीकडच्या बाईच्या नथीवर ओळ जोडली.

"ह्या धुळ्याना बाई ऱ्हायन्या ना व!" शिपाईबाई ओरडल्या. "गानं शिकाडतस त्या शाळामा. त्यासनावर जोड ना!"

तिने पदराने कपाळावरची हळद पुसली.

"त्यासनावर मी नही जोडस," ती म्हणाली. "त्या लिखी धाडतीन."

सगळ्या बायका हसल्या. गाण्याच्या बाई म्हणजे गाणं कागदावर लिहूनच पाठवणार, असं त्यांना वाटलं. ती हसत नव्हती; सरांच्या गल्लीतली आमची गच्ची तिलाही ठाऊक होती. मग तिने पुढची ओळ उचलली, आणि मांडवातल्या सगळ्याजणी तिच्यामागून गाऊ लागल्या. मला त्यांच्यात आवाज मिसळता आला नाही.