गुळाची एक ओळ

“उतरवा काहील! करपला गूळ!” गुळव्या दत्तूआबा ओरडले, तेव्हा माझं सूत्र अजून दोन मिनिटं थांबा म्हणत होतं.

आबांची नजर अधू झालेली. त्यांच्यामागं गूळ कधी उतरवायचा हे कोण सांगणार, म्हणून मी हंगामभराची मोजमापं संगणकात घालून सूत्रांची पैदास मांडली. लाखो सूत्रं जन्मली, दोन-दोनांचे तुकडे जोडून त्यांची लग्नं लावली, चुकणारी आणि लांबलचक होती ती मारली. ब्रह्मदेवसुद्धा इतका दमला नसेल. शेवटी माणसाला वाचता येईल अशी एकच ओळ उरली. आता काळ्या ढेपेसमोर बसून वाटत होतं, एवढ्या पिढ्या खपवून आपल्या हाती नेमकं काय लागलं?

“वाच बघू,” आबा म्हणाले.

मी वाचलं. उष्णता, दाटपणा, वेळ.

“यात वास न्हाई.”