बिबियाने आणि बर्फ मोजणारा

बिबियानेला भाऊ नव्हता, म्हणून बापाने भाला तिच्याच हातात दिला. तिने पहिलं सील मारलं तेव्हा किनाऱ्यावरचे पुरुष हसले. बापाने त्यातल्या एकाचं नाक फोडलं. त्यानंतर पूर्व ग्रीनलंडच्या त्या वस्तीत तिला कुणी हसलं नाही. मोठी झाल्यावर तिने सगळ्यांत मस्तवाल कुत्री पाळली आणि चाबकाने वठणीवर आणली.

नवरा तिने स्वतः निवडला. एनोसचा नेम कायम चुकायचा, पण तो कातडी सुबक शिवायचा आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"शिकार तू करतेस, शिवण मी करतो. मग आपल्यात नवरा कोण, सांग की!"

"शिव गुमान," ती म्हणायची. "टाका उसवला तर चाबूक आहेच."

त्या वसंतात तीन परके आले. दोघे स्कॉटिश होते. फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, टोकाला एक बिननावाचा सुळका होता, तो त्यांना चढायचा होता. तिसरा व्हिगो, डेन्मार्कचा. हिमनदी वर्षाकाठी किती सरकते, ते त्याला मोजायचं होतं.

"सरकली तर सरकली! तिला काय लग्नाला जायचंय?" एनोस म्हणाला. पण त्याने आणि बिबियानेने आपापल्या स्लेजना कुत्री जुंपली, त्या तिघांना हिमनदीच्या पायथ्याशी नेलं आणि तिथेच तंबू ठोकले.

स्कॉटिश जोडी सुळक्यावर गेली आणि मागोमाग वारा सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी एनोस चहासाठी बर्फ फोडायला पहार घेऊन तंबूबाहेर पडला. अस्वल वाऱ्याच्या उलट बाजूने आलं, त्यामुळे कुत्र्यांना वासच लागला नाही. ती भुंकली तेव्हा एनोसचा खांदा अस्वलाच्या जबड्यात होता.

बिबियाने बाहेर धावली. सुरीने कुत्र्यांचे दोर सपासप कापले. कुत्री अस्वलावर तुटून पडली. म्होरक्या कुत्र्याचं पोट एका पंजात फाटलं. आतडी ओढत तो पुन्हा चावायला गेला. एनोसच्या हातून पडलेली पहार तिने उचलली आणि अस्वलाच्या मानेत खुपसली. अस्वल वळलं. त्या पंजासरशी तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तिने डाव्या हाताने पहार आणखी आत रेटली.

व्हिगो रायफल घेऊन तंबूच्या तोंडाशी उभा होता.

"गोळी झाडू नकोस!" ती ओरडली.

त्याने झाडली, पुन्हा झाडली, आतल्या गोळ्या संपेपर्यंत झाडत राहिला. अस्वल कोसळलं.

एनोसच्या खांद्याच्या चिंधड्या झाल्या होत्या, पण रक्ताची चिळकांडी उडत होती ती मांडीतून. तिथे एक लहानसं गोल भोक होतं. तिने कुत्र्याचा पट्टा आवळून बांधला, गुडघा रोवला, तरी रक्त थांबेना.

"बघ," एनोस पुटपुटला, "माझ्याहून वाईट नेमाचा भेटला एक." थोड्या वेळाने तो गेला.

तिने त्याचे डोळे मिटले आणि उठून व्हिगोला मारायला सुरुवात केली. आधी मुठीने, मग पहारीच्या दांड्याने. त्याने हातसुद्धा वर केला नाही. त्याच सुमारास ते दोघे स्कॉटिश सुळक्यावरून लंगडत खाली आले. त्यांच्यातला रॅन्किन नावाचा दांडगा तिला आवरायला धावला. तिने रायफल उचलली, दस्त्याने त्याचे दात पाडले आणि नळी व्हिगोच्या छातीला लावली.

"मार," व्हिगो म्हणाला.

तिने घोडा ओढला. नुसतंच खट् झालं. तिने त्याच्या खिशातून गोळी काढली, पण भरायला बोटंच नव्हती. गोळी बर्फात पडली. तिने वाकून उचलली, ती पुन्हा पडली. मग ती तिथेच खाली बसली आणि एखाद्या जनावरासारखी ओरडली. तोंडातून रक्त थुंकत रॅन्किननेच तिचा हात बांधला.

वाचणार नाहीत अशी कुत्री तिने डाव्या हाताने मारली. प्रेत पुढच्या स्लेजवर बांधलं. मागची व्हिगोने हाकली, वाकडीतिकडी, दोनदा उलटवून.

वस्तीत अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "एनोसला अर्धं अस्वलाने मारलं, अर्धं याने. यालाही मी मारलाच असता. बंदूक रिकामी निघाली."

"खरं आहे," व्हिगो म्हणाला. अधिकाऱ्याने अपघात लिहिला.

पुढल्या उन्हाळ्यात व्हिगो एकटाच परत आला आणि तिच्या दाराशी उभा राहिला. तोवर ती डाव्या हाताने नेम धरायला शिकली होती. सोलत असलेल्या सीलवरून तिने नजर उचलली नाही.

"एनोसच्या कबरीवरचे दगड घसरलेत. जा, लाव."

तो दिवसभर उतारावर दगड वाहत राहिला. दोनदा ती वर गेली आणि म्हणाली, "हा नीट बसला नाही. काढ." संध्याकाळी त्याची नखं फाटलेली होती. तिने उकडलेल्या मांसाचा वाडगा पायरीवर ठेवला, आत गेली आणि दार लावून घेतलं.