लॉर्नाचा मेयर आणि आपली नगरपरिषद

मी निघाले त्या दिवशी एसटी स्टँडसमोर तुम्ही, नगरपरिषदेच्या मंडळींनी, माझा फ्लेक्स लावला होतात. 'आपल्या गावची सुकन्या न्यूझीलंडला रवाना.' माझा फोटो पासपोर्टएवढा, नगराध्यक्षांचा दरवाजाएवढा. ज्यांनी तो लावला, त्यांतल्या एकानेही आमच्या वस्तीत कधी घोटभर चहा घेतला नव्हता. बाबांनी माझी बॅग डिकीत टाकली आणि म्हणाले, "तिकडे बघू नकोस वैशू. गाडीत बस." आई रडत होती. मी नाही रडले. सुटले एकदाची, एवढंच मनात आलं.

तुम्हाला वाटत असेल, इतक्या लांब बसून मी तुमच्या आठवणीनं हळवी होते. गैरसमज आहे तो.

पामर्स्टन नॉर्थमध्ये माणसाला तिरपं चालायला लावणारा वारा असतो. इथल्या हॉस्पिटलात मी नर्स आहे. सुरुवातीला पेशंट 'हीप्स बेटर', म्हणजे खूपच बरं वाटतंय, असं म्हणाला की मी मनातल्या मनात ढीग मोजायची. माझी मुलगी मैत्री इथेच जन्मली. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. आणि माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण मराठी नाही. ती लॉर्ना. माझ्याच वॉर्डात नर्स, फिलिपिन्सच्या एका लहान, समुद्रकाठच्या गावातली. तिनं डब्यातली सुकी मासळी गरम केली की लंचरूममधल्या बाकीच्या बायका खिडकी उघडायच्या. मी खुर्ची तिच्याकडे सरकवायची.

जेवताना ती गावाबद्दल सांगायची. मधोमध चौक, एका बाजूला दगडी चर्च, समोर मुनिसिप्यो, म्हणजे त्यांची नगरपरिषद. मेयर एकाच घराण्यातला. आधी आजा, मग बाप, आता नातू. बसची शेड, बास्केटबॉलचं मैदान, दवाखाना, सगळ्यांवर त्याच घराण्याचं नाव. "चौकातल्या बाकावरसुद्धा. बसलं की त्यांचं नाव पाठीला टोचतं," ती म्हणायची. दरवर्षी गावच्या संताच्या जत्रेला गावाचा इतिहास वाचून दाखवतात. त्यात गाव वसवलं ते त्या घराण्यानं. चर्चसाठी समुद्रातून दगड ओढून आणणाऱ्या कोळ्यांचं नाव कुठेच नाही. ते कोळी म्हणजे लॉर्नाचे खापरपणजे.

मी तिला आपलं सांगायची. बाबा आमच्या वॉर्डातून निवडून आले, तरी सभेत त्यांची खुर्ची दाराशी. वस्तीला पाणी द्या म्हटलं की विषय पुढच्या सभेवर. गावाला फिल्टरचं पाणी, आम्हाला विहीर. ती मान हलवायची. तिला काही समजावून सांगावं लागत नसे.

गेल्या वर्षी तिच्या गावच्या इथल्या लोकांनी जत्रा इथेच करायची ठरवली. नर्सेस होत्या, आसपासच्या फार्मवर गाई दोहणारे होते. एका शाळेचा हॉल घेतला, पताका लावल्या, लेचोन म्हणजे अख्खं डुक्कर भाजलं. दौऱ्यावर आलेला मेयर प्रमुख पाहुणा होता. गावाच्या इतिहासाबद्दल दोन शब्द बोलायला लॉर्नाला सांगितलं, तेही इंग्लिशमध्ये, कारण पोरांना त्यांची भाषा येत नाही. त्यामुळे मला आणि मैत्रीलाही सगळं कळलं.

सुरुवात तिनं छान केली. चर्च, चौक, जत्रा. मग ती थांबली आणि मेयरकडे वळली.

"जिथे आज तुमचा बुलेवार, तो समुद्रकाठचा रुंद रस्ता आहे, तिथे माझ्या आईचं घर होतं. आमची वस्ती जळली तेव्हा तुम्ही तांदूळ वाटलेत, फोटो काढलेत. राख थंड व्हायच्या आत कुंपण घातलंत आणि कोळ्यांना टेकडीवर पाठवलंत. तिथे अजून पाणी नाही. मेयर, तुमच्या इतिहासात आम्ही कुठे आहोत?"

मेयरनं छातीवर हात ठेवला, गोड हसला. "आमच्या गावच्या मुली अशाच धीट! चला, लेचोन गार होतंय."

आणि लोक हसले. हसले आणि ताटं घेऊन रांगेत उभे राहिले. एक बाई लॉर्नाजवळ येऊन म्हणाली, "सगळ्यांच्या सणाचा विचका केलास. तुझा भाऊ मुनिसिप्योत कामाला आहे ना? त्याचा तरी विचार करायचास."

"मम्मा, व्हाय इज नोबडी टॉकिंग टू हर?" मैत्रीनं विचारलं. आम्ही दोघी लॉर्नाशेजारी जाऊन बसलो.

भावाचं काम थोड्याच दिवसांत गेलं. तो आता मासे विकतो. लॉर्ना वॉर्डच्या स्टोअररूममध्ये ढसाढसा रडली. "आई काय म्हणाली?" मी विचारलं. नाक पुसत ती म्हणाली, "आई म्हणाली, भाषणाचा व्हिडिओ पाहिला. आवाज नीट आला नाही. जरा मोठ्यानं बोलायचंस."

मग तुमचा फोन आला. नगरपरिषदेची शताब्दी आहे, वैशालीताई, गावाबद्दल दोन गोड शब्द रेकॉर्ड करून पाठवा. मी आधी बाबांना फोन केला. आई गेल्यापासून ते तिथे एकटे राहतात.

"खरं बोलले तर तुम्हाला त्रास होईल, बाबा."

"त्रास काय नवीन आहे का? तू बोल."

मी बोलले. दाराशी ठेवलेल्या खुर्चीबद्दल बोलले. वस्तीतल्या बायकांनी रिकामे हंडे घेऊन नगरपरिषदेच्या पायऱ्या अडवल्या, तेव्हा कुठे नळ आला. त्यांत माझी आई पुढे होती, तिला ढकलून पाडलं, हे सांगितलं. कुणाला शिवी दिली नाही.

शताब्दीच्या कार्यक्रमात तुम्ही काय दाखवलंत? 'नमस्कार, मी वैशाली, न्यूझीलंडहून बोलतेय.' पुढे सनई. बाबा भर सभागृहात उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या मुलीचं पुढचं बोलणं कुठे आहे?" तुम्ही माइक बंद केलात. माइकशिवाय त्यांनी ते सगळं स्वतः सांगितलं, आईच्या नावासकट. मागच्या रांगांतल्या आमच्या बायका उभ्या राहिल्या. हे मला शेजारच्या शोभामावशीनं फोनवर सांगितलं, बाबांनी नाही. तेव्हापासून तुमच्यातले काहीजण त्यांच्या जय भीमला उत्तर देत नाहीत. नका देऊ. ते म्हणणं थांबवणार नाहीत.

या वर्षी मी इथल्या कौन्सिलच्या सभेत बोलले. आमच्या रस्त्यावर बसचा थांबा हवा होता. 'किया ओरा', म्हणजे माओरीत नमस्कार, म्हणून स्वागत झालं, मी कुणाची कोण हे कुणी विचारलं नाही, मुद्दा ऐकून घेतला, आभार मानले. थांबा काही मंजूर झाला नाही. मी गाडीत बसले, मैत्रीला स्विमिंगहून आणलं, तिचे ओले टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, वाळत घातले, भात लावला. रात्री जेवताना लक्षात आलं की मला राग आला नव्हता. जराही नाही.

तुमचा मात्र येतो. वॉर्डात औषधं देताना येतो, भांडी घासताना येतो. लॉर्नालाही तिच्या मेयरचा येतो. घर कुठे आहे असं हल्ली मला कुणी विचारलं, तर मी पामर्स्टन सांगते. पण मी भांडते ती अजून तुमच्याशीच.